कितला लागी

दार पुरतं उघडत नाही तोच विचारतात,
"कितला लागी भो?"
मी शिडी भिंतीला टेकवतो
आणि कंपनीनं पाठ करून घेतलेलं सांगतो:
चाळीस, शंभर, तीनशे.
दहा वर्षांनी किती लागेल
ते पत्रकात छापलेलं नाही.

पैलाडचे सुकलाल आप्पा बडगुजर म्हणाले,
माझ्या बापानं नळ घेतला तेव्हा
अर्धा इंची बस झाला म्हणाला होता.
घरात तेव्हा माणसं चार.
आता अकरा, आणि पाणी आठव्या दिवशी.
रांजण, पिंप, गच्चीवरची टाकी,
सूनबाईनं कुकरसुद्धा भरून ठेवलेला.
"हाई नेट भरी ठेवता येस का?"
ना आप्पा.
"मंग मोठा पाइप टाक."

बोथरांना पलंगावर पडल्या पडल्या
जिनिंगचे सोळा कॅमेरे बघायचेत.
रात्रभर नुसत्या कापसाच्या गंज्या.
काहीच हलत नाही तिथं.
ते न हलणं बघायलाही
स्पीड लागतो.

कासार गल्लीत मात्र
कुणी काही विचारलं नाही.
कुमुद भावसारांनी नातवाची पाटी ओढली,
लिहिलं: बोटं दिसली पाहिजेत.

लेक उधन्याला. दोघींनाही ऐकू येत नाही.
मोबाइलच्या पडद्यावर
लेकीचा हात गालाशी अडकलेला,
चौकोन चौकोन झालेला.
ताई त्या अर्ध्या शब्दापुढं वाकून बसलेल्या,
चहाच्या कपात साय धरलेली.

मी फायबर खिडकीतून आत घेतली.
केसाएवढ्या दोन काचा
ठिणगीनं भाजून एक केल्या.
डबीवर हिरवा दिवा लागला
आणि हात सुटला.
मग ताईंचेही सुटले.
काय बोलत होत्या मला एक अक्षर कळलं नाही.
भांडत असाव्यात.
मधेच ताईंनी हवेतच काहीतरी मोडून फेकलं,
पलीकडं लेक हसली, डोळे पुसले,
की आधी पुसले?
इतकं वेगानं बोलणारं माणूस
मी अमळनेरात पाहिलं नव्हतं.
पक्कड हातातच राहिली.

फॉर्मवर शेवटी एक रकाना असतो:
ग्राहकाची भविष्यातील अपेक्षित गरज.
एरवी मी तिथं रेघ मारतो.
त्या दिवशी लिहिलं, बोटं.

धुळ्याच्या ऑफिसातून ललिताचा फोन.
"दादा, बोटं म्हणजे किती एमबीपीएस?"
मी तेव्हा दुसऱ्याच खांबावर होतो,
दातात टाय धरलेला.
म्हटलं, थांब जरा,
मोजून सांगतो.