पेन्सिलीचा शेरा

गंगावेशीत माझं वाचनालय, आता पहिल्या मजल्यावर.
खाली होतं तेव्हा भिंतीवर पुराची रेघ होती,
उभा राहिलो की खांद्याला लागायची.
तीनदा चुना मारला. तीनदा वर आली.
मग मीच वर आलो.

भयकथांचं कपाट जिन्याच्या तोंडाशी.
पोरं म्हणतात, काका, नाद खुळा काहीतरी द्या,
रात्री लाईट चालू ठेवून झोपलं पाहिजे.
मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडून दाखवतो.
तिथं बारीक, तिरक्या अक्षरात
सुलोचनाक्का मगदूम यांचा शेरा असतो.

अक्का टेलिफोन एक्स्चेंजमधनं रिटायर झालेल्या.
तेहतीस वर्षं कानाला हेडफोन.
म्हणायच्या, लायनीवर कुणी नसलं
म्हणून लायन रिकामी नसते, एवढं कळलं नोकरीत.
दर मंगळवारी पिशवीत दोन पुस्तकं न्यायच्या,
वर कोथिंबिरीची जुडी, कुणाला दिसू नये म्हणून.

अमावास्या, पांढरी साडी, पैंजण:
"वाया. मेलेलं माणूस एवढं नटत नाही."
एका जाडजूड कादंबरीवर:
"भूत शंभराव्या पानावर दिसलं. भीती तिथंच संपली.
पुढची दोनशे पानं नुसती पळापळ."

पण गुऱ्हाळाची एक गोष्ट होती, कुणा नव्या पोरीची.
काहिलीत पडलेल्या गड्याचा आवाज
रसात मुरतो, ढेपा बाजारात जातात,
आणि संक्रांतीला गावोगावची पोरं
गुळाची पोळी खाऊन
एकाच घोगऱ्या आवाजात पाणी मागतात.
"वाचावं. आठ दिवस चहा साखरेचा घेतला."

लिफ्टची एक. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये
एक कुटुंब राहतं,
रोज तुमचं ताट वाढून ठेवतं.
"वाचावं. पण जेवून."

आणि ती पुढच्या काळातली,
मेलेल्यांचे नंबर जिथं चालू ठेवतात,
यंत्र त्यांच्याच आवाजात बोलतं,
रिचार्ज पोरं भरतात,
एका दुपारी आई विचारते,
"मी गेले कधी रे?"
त्या पानावर शेरा नाही.
पेन्सिल टेकवल्याचा ठिपका आहे फक्त,
जरा खोल गेलेला.

अक्का पौषात गेल्या.
भाच्यानं दोन पुस्तकं परत आणून दिली
आणि बोटाएवढा पेन्सिलीचा तुकडा.
म्हणाला, तुमच्याकडेच असू दे.
मी ड्रॉवरमध्ये टाकला.

वैशाखात पुण्याहून नवा गठ्ठा आला.
सुतळी मी कापली. कागद मी फाडला.
छापखान्याचा वास, काही पानं अजून चिकटलेली.
सवयीनं शेवटचं पान उघडलं.

"बरं आहे. शेवट घाईत उरकलाय.
खालची फळी आधी रिकामी करा."

अक्षर कुणाचंही असू शकतं, असं म्हणालो, मोठ्यानं.
पण तो "ळ", पाय मोडलेला,
तो या गावात एकीचाच होता.
ड्रॉवर उघडून पाहिला नाही.
सगळं तपासत बसायचं नसतं,
हेही त्यांच्याच शेऱ्यांतनं शिकलो.

बाहेर ऊन रटरटत होतं.
पंचगंगेच्या घाटाच्या पार तळच्या पायऱ्या उघड्या,
म्हशी गुडघाभर पाण्यात.
पहिल्या मजल्यापर्यंत पाणी
आजवर कधी आलेलं नाही.
मी खालच्या फळीवरची पुस्तकं काढायला लागलो.

बागवानांचा अर्शद आला, भयकथेचं पुस्तक बदलायला.
काका, ह्या उन्हात आवराआवर?
म्हणालो, ही चार उचल, गच्चीवरच्या खोलीत ठेव.
तो हसला. वाकला.
मग फळीच्या मागं हात घालून
तसाच थांबला थोडा वेळ.

काय रे?
काही नाही, म्हणाला. गार लागलं.

तो गेल्यावर मी फरशी हातानं चाचपली.
कोरडी होती.
पुन्हा चाचपली.