पाव मैल

अंबडच्या शेडमध्ये, रात्रपाळी सुरू झाल्यावर,
आम्ही कॉन्टेसाचं वजन उतरवायला घेतलं.
आधी स्टेपनी, मग जॅक, मग मागची सीट.
तिच्याखाली चार आणे, एक हेअरपिन,
आणि कुणाकुणाच्या लग्नातल्या अक्षता,
पिवळ्या पडून खडे झालेल्या.

गफूरमामा कार्ब्युरेटर मांडीवर घेऊन
जेटमध्ये फुंकर मारतो, उजेडाला धरतो.
म्हणतो, हिला घाई कुणी शिकवलीच नाही गं.
खरंय. बत्तीस वर्षं नवरदेव घेऊन
पहिल्या गिअरात, वाजंत्र्यांच्या मागे मागे.

प्लग घासले. पॉइंट लावले.
मागच्या टायरांत हवा बावीस.
बॉनेटवरचा फुलांच्या चिकटपट्टीचा डाग
रॉकेलनं घासला, निघेना.
राहू दे, डागाला वजन नसतं.

पहाटे मोहदरी घाटात काटा लालवर.
बॉनेट उघडून उभे राहिलो,
एका बिस्किटपुड्यात दोघं.

सिन्नरच्या माळावर दारावर खडूनं एक्केचाळीस.
शेजारी पोरगेल्या ड्रायव्हरची निळी गाडी
नुसती गुरगुरतेय.
रांग पुढे सरकते. सवयीनं
माझा पाय क्लचवर अर्धाच.
मामा काचेवर टकटक करतो:
शिरीन, आज पुढे बँड नाहीये.