खिळे

छापखाना मोडला तेव्हा
अण्णांचे खिळे किलोनं घेतले
भंगारवाल्याच्या आधी, होशंगकाकांनी.
"नुसतं शिसं मऊ पडतं, डिकरा.
यात अँटिमनी आहे."

कॅम्पातल्या मागच्या अंगणात
लोखंडी पातेल्यात काने, मात्रा, वेलांट्या
खाली बसल्या. ळ तेवढा
थोडा वेळ तरंगला.
मग पळी, साचा, टकटक;
जाड बोथट गोळी ओल्या फडक्यावर.
सोनाराच्या काट्यावर एकेक.
हलकी भरली ती परत पातेल्यात:
"हिच्या आत हवा राहिली."

अण्णा एका अनुस्वारासाठी
अख्खा फर्मा सोडायचे.

रायफल घरात नव्हतीच.
निवडणूक. लष्कर ठाण्यात जमा,
पावती फ्रिजवर, चुंबकाखाली.
मी एक गोळी मागून घेतली.
एमजी रोडनं परतताना
सदऱ्याचा खिसा
एका बाजूला ओढत होता.