आडवी कळ

शबॉयगनच्या शाळेमागच्या पार्किंगात
जुलैच्या उन्हानं डांबर मऊ झालंय,
माझी घडीची खुर्ची एका पायानं रुतते.
समोर जनरेटर घुमतोय,
कपाटाएवढे दोन स्पीकर,
आणि वळवळत गेलेल्या वायरी,
ज्यांत कुणी अडखळू नये म्हणून
एका पोराची खास नेमणूक आहे.

मी पाहुणा.
ऑर्व्हिल हिन्ट्झ, सोप्रानो बिगुल, सत्तर साली दुसरी रांग.
गळ्यात त्यांनी ओळखपत्र अडकवलंय,
म्हणजे हरवलो तर आणून सोडता यावं.

बिगुल मांडीवर.
एक आडवी कळ, एक फिरती चावी, संपलं.
आणि पोचे. हा मोठा बसच्या पायरीवरचा,
हा लहान, माझ्याच लग्नातला.
काही स्वर यात नव्हतेच.
ज्या धूनमध्ये ते यायचे
तिला आम्ही आडवाटेनं न्यायचो,
पूल वाहून गेलेल्या गाडीवानासारखं,
आणि पलीकडे पोचलो की
रस्ता मुळी तिथूनच होता
अशा ताठ मानेनं चालायचो.

डेल्बर्टचा ढोल वासराच्या कातड्याचा.
तळ्यावरून धुकं आलं की त्याचं पोट सुटायचं.
मग डेल्बर्ट त्याला ट्रकच्या तापल्या बॉनेटवर शेकत बसायचा
आणि निवेदक तोवर
सॉसेजवाल्या देणगीदारांची नावं पुन्हा पहिल्यापासून वाचायचा.

मी म्हणालोच:
वीज आली तिथं फुंकर संपली.
कुणी वाद घातला नाही.
म्हाताऱ्याशी वाद घालत नाहीत,
त्याला पाण्याची बाटली देतात.

फक्त पा कू आली. कीबोर्डवाली, सतरा वर्षांची,
निळी नखं, मनगटाला पांढरा दोरा.
"मिस्टर हिन्ट्झ, एकदा वाजवाल?
मला साठवून ठेवायचाय."
साठवून. काकडीच्या लोणच्यासारखा.

तिनं जनरेटर बंद करवला.
एवढी शांतता त्या पार्किंगानं कधी ऐकली नसेल.
मी एक लांब स्वर धरला, बावन्न वर्षांनी.
ओठ फुरफुरले, कवळी हलली,
स्वर लागला तो जरा खालीच,
मग ओठांनी त्याला वर रेटलं,
जसे आम्ही सगळेच रेटायचो,
साठ जण, साठ ओढाताणी.
लोक लांबून म्हणायचे, काय गाज आहे!

संध्याकाळी तिनं एक पट्टी दाबली
आणि स्पीकरमधून मी आलो.
धुतलेला. इस्त्री केलेला.
मागून तीन-तीन कळांचे चाळीस ट्रम्पेट,
ज्यांना कुठलाच स्वर परका नाही.
खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला.

"कसं वाटलं?"
"हा मी नाही. इतका खरा
मी जन्मात लागलो नव्हतो."
"मी सरळ केला. बाकीच्यांशी जुळावा म्हणून."
"मग वाकडा कर."

ती हसली नाही.
म्हणाली, माझे आजोबा केंग वाजवतात,
बांबूच्या सहा नळ्या, मयताच्या घरी.
गेलेल्याला ती वाट सांगते.
एक नळी तडकलीये, तांब्याच्या तारेनं बांधलीये,
तीही कुणाला बदलू देत नाहीत.
मेलेले त्याच नळीला ओळखतात, म्हणतात.

मग कानावर हेडफोन चढवून
ती माझी चूक शोधत बसली.
मास्तर ओरडत होते, बसचे दिवे लागले होते,
तळ्याकडून गार वारा सुटला होता
आणि तिच्या ढोलकऱ्यांची कातडी,
प्लॅस्टिकची, जराही ढिली पडली नव्हती.
डेल्बर्टला हे आवडलं असतं. चिडून आवडलं असतं.

"सापडली," ती म्हणाली.
"आणि सुरुवातीला तुम्ही घेतलेला श्वास,
तो मी कापला होता. तोही परत घालू?"

मी खुर्चीचा पाय डांबरातून उपटत होतो.
म्हणालो, तो राहू दे,
श्वास मला अजून लागतो.