करंट खातंय कोण

चावी फिरवली, तर नुसतं टक्.
पुन्हा टक्.
अडकित्ता मिटल्यागत.

एक आड आठवडा माझी सकाळची शिफ्ट, गोकुळ शिरगावला,
तेव्हा कंपनीची बस नसते, म्हणून ही गाडी.
आणि दस्तगीर शिकलगार येणार ते त्यांच्याच वेळेनं,
उद्यमनगरातून, लुनावर,
पायाशी नवी बॅटरी,
तिच्यावर पाय टेकायचा नाही
म्हणून गुडघे बाहेर, बेडकासारखे.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी फुललेली.
चहाच्या पातेल्यात पाणी उकळून दिलं,
त्यांनी ओतलं, ती फसफसली
आणि गटाराकडं निघून गेली.
"पोरी, काढताना आधी काळी, लावताना आधी लाल.
एवढं ध्यानात ठेव, बाकी मी हायच की."
दहाचा पाना. तोंड बाजूला.
शर्टाला ॲसिडची भोकं, मोजली तर एकोणीस.

जुनी त्यांच्या काट्यावर गेली.
शिसं किलोच्या भावानं, तेवढे बिलातून वजा.
नवीच्या कार्डावर शिक्का, महिना, वाकडी सही.
डॅशबोर्डावरचं घड्याळ बारावर जाऊन
उघडझाप करत बसलं.
रेडिओ सगळी स्टेशनं विसरला.

दोन महिन्यांनी पुन्हा टक्.

ह्या खेपेला चाचा बोलेनात.
सहाही बुचं उघडली,
नळीत पाणी ओढून
आतला काटा उजेडाला धरला,
कितीतरी वेळ.
"बॅटरी चांगली हाय. अल्टरनेटर बी चांगला.
करंट खातंय कोण तरी."
मग घराच्या दाराकडं बघत, हळू,
"रात्री कोण बसतंय काय गं गाडीत?"

रेडिओवर एक स्टेशन लागलेलं असायचं.
मी लावलेलं नाही.
सीट दोन खाचा मागं.
दर खेपेला माझे पाय पोचायचे नाहीत,
दर खेपेला मी ती पुढं ओढायचे
आणि निघायचे. उशीर झालेला असायचा.

एकतीस वर्षं एसटी.
कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातलं धुकं
वायपरनं पुसलं जात नाही,
ते कानानं चालवायचं, असं आबा सांगत.
काचबिंदूनं नजरेच्या कडा खाल्ल्या
तेव्हा त्यांनी होऊन लायसन कपाटात ठेवलं,
खाकी कपड्यांच्या घडीखाली.
किती समजूतदार, असं आम्ही पाहुण्यांना सांगितलं.

चाचांनी फक्त चार्जिंगचे पैसे घेतले.
"उभ्या गाडीची बॅटरी मरती.
आठवड्यातनं अर्धा तास पळवत जा.
बाकी तुझं तू बघ."

रविवारी जेवणं झाल्यावर म्हटलं,
आबा, बॅटरी चार्ज करायचीय, चला सोबत.
ते काही न विचारता उठले.
चप्पल नाही, बूट घातले.

कावळा नाक्याला सिग्नल पडला,
मग सुटला, मी तशीच तिसऱ्यात.
डावीकडच्या रिकाम्या चटईवर
त्यांचा डावा पाय दाबला गेला.
"दुसरा," ते म्हणाले, समोर बघत.
"इंजिन काय म्हणतंय, ऐकू येत नाही?"

दुसरा टाकला.
ऐकू आलं.