उजेडाचं टेबल

आमच्या कारखान्यात एक टेबल आहे,
काचेचं, खालून दिवा लागणारं.
कॉडची फाक त्यावर पसरली
की मांसात वेटोळं करून बसलेली अळी दिसते.
लाकडी पाटावर तीच फाक
पांढरीशुभ्र, विकायला तयार.

एकतीस वर्षं उभी आहे मी इथे,
आइसलँडच्या या खाडीत, रबरी बुटांत.
डावीकडे सिगुरवेग,
उजवीकडे हाल्बेरा, जिचा नवरा समुद्रानं नेला
आणि नवव्या दिवशी जी सुरीला धार लावून हजर.

कुणाची सुरी निसटली की आम्ही म्हणायचो,
"जपून गं बाई, पुरुषांचं काम आहे हे!"
आणि हसायचो,
नाकातोंडात खारं पाणी जाईस्तोवर.
पहिल्या फोरमननं ते खरंच म्हणून म्हटलं होतं,
पगाराच्या दिवशी, आमची पाकिटं हलकी का ते सांगताना.
आम्ही ते त्याच्या तोंडून काढून घेतलं,
आतडी काढली, मीठ भरलं,
टिकवलं.

म्हातारा स्टेनग्रिमुरही म्हणायचा.
त्याला चालायचं.
संपाच्या वर्षी तो आमच्या रांगेत होता, एवढंच.

हाल्बेराच्या निरोपाला
नव्या मॅनेजरनं, आर्नाल्दुरनं, ग्लास उचलला.
ती केक कापत होती.
"जपून गं बाई," तो म्हणाला, "पुरुषांचं काम आहे हे!"
शब्द आमचेच. सूरही बराचसा.
कुणी हसलं नाही.
एक काटा बशीवर वाजला,
त्याचे कान लाल झाले,
आणि मला, खरं सांगते, बरं वाटलं.

मग फेब्रुवारीत दाइव्हा आली, लिथुआनियाहून.
भाषा तोडकी, हातमोजे दोन मापं मोठे.
पहिल्याच तासाला बोट कापलं.
तिला आपल्यात घ्यावं म्हणून,
अगदी मायेनं,
मी ते वाक्य म्हटलं.

तिनं सुरी पुसली,
खाली ठेवली, पातं स्वतःकडे करून.
संध्याकाळी ऑफिसात जाऊन विचारलं म्हणे,
पॅकिंगला जागा आहे का.

"विनोद कळत नाही तिला," सिगुरवेग म्हणाली.
मी हो म्हणणार होते.
पण हेच आर्नाल्दुरही म्हणाला असेल
त्या रात्री, गाडी सुरू करताना, बायकोला,
आमच्याबद्दल.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
मी दोन कप कॉफी घेऊन पॅकिंगकडे गेले.
तिच्याकडे आमच्या भाषेतले चाळीसेक शब्द,
माझ्याकडे एकतीस वर्षं.
फोरमनपासून सुरुवात केली. पाकिटं हातवाऱ्यांनी दाखवली.
हाल्बेराच्या नवऱ्यापाशी आले
तेव्हा ती हसली,
भलत्याच जागी.

मी पुढे सांगत राहिले.