काचमासे, तिरक्या उजेडात

आधी खोलीतला दिवा घालवायचा.
मग पडदा, मग खिडकीच्या फटीत जुना टॉवेल,
कारण खारेगावात चौथ्या मजल्यावर
खाडीकडचा उजेड विचारून येत नाही.
मग काळा रेनकोट. बंद घरात, मे महिन्यात.
ओजस मढवी दारातच हसतो : काकू, पाऊस कुठाय?
पाऊस नाही रे, काचेत मी दिसते.
पहिल्या चाळीस फोटोंत मासा कमी
आणि माझा फुलाफुलांचा गाऊन जास्त.

एकतीस वर्षं, कळव्यातल्या एका तळघरात,
मी लोकांना सांगत आले :
हनुवटी वर. खांदे पुढे. छाती टेकवा.
श्वास घ्या… रोखा… सोडा.
कोपऱ्यात शिशाचं एक अक्षर ठेवायचं,
डावं की उजवं ते नंतर कळावं म्हणून.
चेहरा कुणाचाच काढला नाही.

माशाला काय सांगणार?
रोखा म्हटलं तरी कल्ले चालूच.

समोरून उजेड टाकला की फसलात.
खवला म्हणजे आरसा;
एंजल नुसता स्टीलच्या झाकणासारखा पांढराफटक येतो,
डोळा पिठात पडल्यासारखा.
उजेड वरून हवा.
डबकं असो की नदी, त्याच्या ओळखीचा उजेड वरूनच येतो.
म्हणून फ्लॅश टाकीच्या डोक्यावर, तोंड खाली,
मध्ये ट्रेसिंग पेपर,
आणि तळाला पांढरी वाळू,
नाहीतर पोट अंधारात राहतं.
पोट अंधारात ठेवून कसं चालेल?
माझ्याकडे येणाऱ्या निम्म्यांचं दुखणं तिथेच असायचं.

फिल्टर पाच मिनिटं बंद.
सकाळपासून खाणं नाही, पाणी गढूळ होतं.
उपाशीपोटी या, हेही मी सांगत आलेच.

हे सगळं जमलं, तेव्हा कोपरीच्या लोबोने
पिशवीत घालून चार काचमासे दिले.
म्हणाला, बाई, हे तुमच्या लाइनीतले.
त्यांना वरचा उजेड चालेना. आरपार जातो, थांबतच नाही.
मागून एक दिवा लावला, तिरका, जरासा डावीकडून,
आणि पाठीच्या कण्यावर
मोराच्या मानेचा रंग आला, गेला.
सवयीने मणके मोजायला लागले.
बाविसाव्यावर तो वळला.
कुठे काही मोडलेलं नव्हतं.

गेल्या बुधवारी त्यांतला एक गेला.
मेल्यावर पांढरा पडला,
बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारखा.
दिवा मागे नेला, पुढे आणला, वर धरला.
आतलं काही दिसेना.
तळघरात असं कधी झालं नव्हतं.
तिथे मेलेल्याचाही फोटो
तितकाच स्वच्छ यायचा.
कुंडीत पुरला. मोगऱ्याच्या.

आता तिघं.
शेपट्या किंचित खाली सोडून
एकाच दिशेला तोंड करून उभे असतात,
नंबर लागायची वाट बघत असल्यासारखे.
मी रेनकोटात घामाने निथळते.
गुडघा स्टुलाला टेकलेला, बोट बटणावर,
ओठांवर येतं ते गिळते.

काल एक आला. आला म्हणजे आलाच :
कल्ल्याची कड, मिशांचे दोन केस,
कण्याखाली मुठीएवढं चांदीचं पोट,
म्हणजे डाळिंबाच्या दाण्याच्या मुठीएवढं.
ओजसने स्क्रीन जवळ घेतला, लांब धरला.
मग म्हणाला, काकू, पण ही
ह्याची डावी बाजू की उजवी?
दोन्हीकडून सारखाच दिसतो की.

मी कोपऱ्यात बघितलं.
तिथे नुसती वाळू होती.